विरहाला पाय फुटले

माझ्या आयुष्यात कोरिया हा देश दोनदाच आला. पहिल्यांदा आला तो शाळेत, भूगोलाच्या तासाला. नकाशात तो मला सापडेना म्हणून मास्तरांनी हातावर छडी दिली. दुसऱ्यांदा आला तो परवाच्या मे महिन्यात, रोह्याला, लेकीच्या घरी, नातीच्या मोबाइलमधून. या वेळी छडी मिळाली नाही, पण लागले जरा जास्तच. ते कुठे, हे शेवटी सांगतो.

झाले असे, की लेकीचा फोन आला. आमचे जावई धाटावच्या कारखान्यात आहेत, त्यामुळे लेकीचे बिऱ्हाड रोह्याला आणि आम्ही दोघे पेणला. फोन अर्थातच हिला होता. (आमच्या घरी फोन हिला येतो. मला येतो तो चुकून.) "आई, पोरगी नीट जेवत नाही. कॉलेजातून येते ती खोलीचं दार लावून घेते. विचारलं तर म्हणते, काही नाही. तू ये." 'बाबांना घेऊन ये' असे काही फोनवर नव्हते, पण पोह्यांच्या पापडांचा डबा आणि मिरगुंडांची पिशवी उचलायला कोणीतरी लागतेच. तेव्हा अस्मादिक सामानाबरोबर दिवा-रोहा गाडीत बसले. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशने घेत तासाभरात रोहे.

घरात पाऊल टाकले तो आतल्या खोलीतून धप्-धप् असा आवाज. मला वाटले, पोरगी डोके भिंतीवर आपटते आहे. घाबरून दार लोटले. नात नाचत होती! डोळे सुजलेले, नाक लाल, आणि पाय मात्र अगदी ठेक्यात. समोर टेबलावर मोबाइल, आणि त्यात सात कोरियन पोरे तसेच पाय टाकीत होती.

"हे काय चाललंय?"

"ब्रेकअप साँग आहे, आजोबा."

ब्रेकअप म्हणजे प्रेमभंग एवढे इंग्रजी मला येते. प्रेमभंगाचे गाणे असते, हेही ठाऊक होते. पण प्रेमभंगावर नाच? आमच्या वेळी प्रेमभंग झाला की माणूस बसत असे. पुष्कळदा तो आडवा होत असे. फारच कर्तबगार असला तर दाढी वाढवीत असे. ठेक्यावर पाय टाकणे हे काम प्रेमभंग झालेल्याचे नव्हे, त्याच्या वरातीचे!

हे मी बोलून दाखवले. त्यावर नातीने मला शेजारी बसवून घेतले आणि माझे शिक्षण सुरू केले. आधी 'बिग बँग' नावाच्या पाच जणांच्या मेळ्याचे २००८ सालचे 'हारू हारू' दाखवले. 'हारू हारू' म्हणजे दिवसामागून दिवस. त्यात नाचापेक्षा गोष्टच मोठी. मुलीला दुर्धर आजार झालेला असतो. आपल्या माणसाला आपले मरण बघायला लागू नये म्हणून ती त्याच्याच मित्राला सांगते, की तू माझा नवा प्रियकर असल्याचे सोंग कर. तो करतो. खरा प्रियकर चिडतो, मारामारी करतो, आणि खरे काय ते त्याला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मी म्हटले, "अगं, ही तर आमच्या वेळच्या सिनेमांची गोष्ट! फक्त नायिका शेवटपर्यंत खोकली नाही." सोल शहर पेणपासून किती मैलांवर आहे कोण जाणे, पण इस्पितळाच्या बाहेर भिंतीला टेकून रडणारा माणूस जगभर एकच दिसतो.

मग आले ते सात जणांचे गाणे. मेळ्याचे नाव 'आयकॉन', गाणे 'लव्ह सिनॅरिओ', साल २०१८. याचे कोरियन नाव मात्र ऐकण्यासारखे आहे. त्याचा सरळ मराठी अर्थ होतो, 'प्रेम केलं'. बस्स. साधा भूतकाळ. मोरो केशव दामल्यांचे व्याकरण उघडून बघा, यात चूक सापडायची नाही. आपल्याकडचा विरह कायम चालू वर्तमानकाळात असतो. नाहीतर 'येशील का' म्हणून भविष्यकाळात. या पोरांनी तो भूतकाळात नेऊन ठेवला आणि वर म्हणाली, की होते ते छान होते, संपले तेही बरे संपले. आणि हे सांगताना कोलांट्या नाहीत, आदळआपट नाही. गळा काढणे तर नाहीच. चाल मध्यलयीतली, नाच अगदी सैलसर. संध्याकाळी बाजारातून भाजी घेऊन परतावे तसा. नातीने सांगितले, की या कोरियन नाचांत एक 'पॉइंट' असतो. म्हणजे सगळ्या नाचातली एक अशी लकब, की ती कोणालाही उचलता यावी. ती लकब एकदा गावभर झाली की गाणे गावभर होते.

या गाण्याचे तर फारच झाले. तिकडे बालवाडीतली पोरेसोरे ते गाऊ लागली, आणि काही ठिकाणी शाळांनी त्याला मनाई केल्याच्या बातम्याही आल्या. डबा खाताना चार वर्षांचे पोर 'प्रेम केलं' म्हणून गाऊ लागले तर बाईंनी करायचे काय!

"पण एकाचा प्रेमभंग, आणि नाचतायत सात जण. बाकीच्या सहांचा काय संबंध?"

नात म्हणाली, "आजोबा, तेच तर. एकट्याला नाही नाचता येत." आणि मग तिने सरळ प्रश्न टाकला, "तुमच्या वेळी काय करायचे?"

वाचकहो, म्हाताऱ्या माणसाला 'तुमच्या वेळी' असे कधी विचारू नये. तो इतिहास सांगतो. मीही सांगितला. तो असा.

आपल्याकडच्या विरहाचा मूळपुरुष म्हणजे कालिदासाचा यक्ष. नोकरीत कुचराई केली म्हणून मालकाने वर्षभर हद्दपार केलेला. तो रामगिरीवर, म्हणजे आपण मानतो तसे नागपूरजवळच्या रामटेकावर, आठ महिने बसून राहिला आणि आषाढाच्या पहिल्या दिवशी ढगाला म्हणाला, तू जा. हालचाल सगळी ढगाने केली. आपल्या विरहाला बसायची सवय लागली ती तेव्हापासून. तीच गोष्ट 'गाथासप्तशती'ची. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातला ग्रंथ. त्यात कितीतरी बायका उंबऱ्याशी बसून परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघताहेत. नवरे चालताहेत, बायका बसल्या आहेत.

पेशवाईत नवरे मोहिमेवर गेले आणि बायकांच्या विरहाला शाहीर मिळाले. रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम. आता तुम्ही म्हणाल, लावणी म्हणजे तर नाचच! आहे ना. पण तिच्यातही बैठकीची लावणी हा प्रकार आहे. त्यात गाणारी बसते. पाय लुगड्याखाली. नाचायचे ते भुवईने, नजरेने, मनगटाने, पदराच्या टोकाने. एकच ओळ ती पुनःपुन्हा घेते आणि दर खेपेला तिचा अर्थ फिरवते: आधी लाडिक, मग रुसलेली, मग खरोखरच दुखावलेली. वाईच्या यमुनाबाई वाईकरांची हयात या कलेत गेली. १९१५ साली जन्मलेल्या या बाईंना सरकारने २०१२ साली पद्मश्री दिली. आज नातीच्या त्या 'पॉइंट'ला आपण नवे म्हणतो; बैठकीच्या लावणीत तो डाव्या भुवईत होता.

मग संगीत नाटक आले. बालगंधर्वांची सिंधू 'एकच प्याला'मध्ये दुःखाने गायला लागली की लोक 'वन्समोअर' म्हणत. जगात दुसऱ्या कुठे एखाद्या दुःखी बाईला 'अहाहा, पुन्हा एकदा दुःखी व्हा' असे ओरडून सांगत असतील असे मला वाटत नाही. पण तिथेही पाय जागचे हलत नव्हते. हलला तर शालू सावरणारा हात.

आणि मग, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात, आले भावगीत. आधी तबकडी, मग रेडिओ. रेडिओने तर विरहाचे अंगच काढून घेतले. भुवई गेली, पदर गेला. राहिला नुसता आवाज. मुंबई आकाशवाणीच्या 'भावसरगम'मधून नवे गाणे लागायचे आणि अख्खी चाळ एकाच दुःखाने गप्प व्हायची. कोण गाते आहे, त्याचा चेहरा कसा, हे कोणाला ठाऊक नसे. १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्या आवाजाला एकाएकी शरीर परत मिळाले. पंचाईत झाली. त्याला हात होते! आता ते ठेवायचे कुठे? पेटी वाजवणाऱ्यांचे भागले. बाकीच्यांनी एक हात वहीला दिला आणि दुसरा वाऱ्यावर सोडला. दिग्दर्शकाने शेजारी एक कुंडी ठेवली. ही झाली भावगीताची नृत्यरचना!

पण वाचकहो, थट्टा पुरे. कारण इथे आमच्या पेणचा संबंध येतो. पेण म्हटले की लोकांना गणपती आठवतात, पापड आठवतात. जरा वाचन असलेल्यांना तालुक्यातले गागोदे आणि विनोबा आठवतात. यशवंत देवांचा जन्मही पेणचाच, १ नोव्हेंबर १९२६ चा, हे मात्र पेणच्या माणसालासुद्धा आठवण करून द्यावे लागते. आयुष्यातली बरीच वर्षे त्यांची आकाशवाणीत गेली. 'शब्दप्रधान गायकी' हा त्यांचा शब्द, त्यांचा आग्रह आणि त्याच नावाचे त्यांचे पुस्तक. थोडक्यात सांगायचे तर शब्द पुढे, सूर त्याच्या मागे. कवितेला जे म्हणायचे आहे ते चालीने म्हणायचे, चालीला जे मिरवायचे आहे ते नव्हे. काठोकाठ भरलेले भांडे घेऊन चालणारा माणूस नाचत नाही. भावगीत गाणारा नाचत नाही त्याचे कारण तेच. शब्द हिंदकळेल.

याच देवांनी मंगेश पाडगावकरांच्या एका कवितेला चाल लावली आणि इंदूरहून आलेल्या, कापडधंद्यातले इंजिनियर असलेल्या अरुण दात्यांनी ती गायली. 'भातुकलीच्या खेळामधली'. मराठी माणसाचे ब्रेकअप साँग कोणते असे कोणी विचारले तर मी क्षणभर विचार न करता हे नाव सांगेन. त्यात भातुकलीतले राजाराणी आहेत, आणि खेळ संपायच्या आधीच संपतो. एवढेच. आता गंमत बघा. कोरियात मोठ्यांच्या प्रेमभंगाचे गाणे बालवाडीतल्या मुलांनी खेळायला घेतले. आणि आपल्याकडे एका कवीने लहानांच्या खेळातून मोठ्यांचा प्रेमभंग काढला. दोघेही एकाच अंगणात पोचले, एक मागच्या दाराने आणि एक पुढच्या.

हे सगळे सांगून झाल्यावर मी नातीला ते गाणे म्हणून दाखवले. आवाज कापत होता, तो वयाने असे आपण धरून चालू. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "आजोबा, फार छान आहे. पण हे म्हणताना तुम्ही इतके ताठ का बसलात?"

हीच ती छडी.

कारण हे गाणे मी याच रोह्यात एकदा म्हटले होते. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते (रायगड झाले ते १९८१ साली), आणि रोह्याला रेल्वे यायची होती (ती आली १९८६ साली). मी पेणहून एस. टी.ने येत असे, मित्राकडे. निदान घरी तसे सांगून. मित्राच्या शेजारी एक घर होते, आणि त्या घरात कोणी ऐकणारे होते. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होते तेव्हा मी हे गाणे म्हटले. ताठ बसून, हात मांडीवर, नजर दुधाच्या पातेल्यावर. चांगले झाले असावे, कारण दुधात साखर घालायची राहिली. पुढे आमच्याकडून बोलणे गेले, आणि आठ दिवसांनी कार्ड आले, 'पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.'

मी पुन्हा एकदा रोह्याला गेलो. कशाला, ते मलाही ठाऊक नाही. मित्राकडे चहा घेतला, शेजारच्या घराकडे बघितले नाही, आणि शेवटच्या एस. टी.ने परतलो. भिसे खिंडीतून येताना मी खिडकीशी ताठ बसलो होतो. हललो तो रस्त्यातल्या खड्ड्यांनी. घरी कोणी काही विचारले नाही, मी काही बोललो नाही. त्यानंतर कचेरी, लग्न, मूल, निवृत्ती, सगळे यथासांग झाले आणि सुखाचे झाले. पण बसलेला तो मनुष्य काही उठला नाही.

हे सगळे मी नातीला सांगितले. दार उघडे आहे आणि दारात ही उभी आहे, हे सांगून झाल्यावर दिसले. मराठी विनोदी लेखनाच्या प्रथेप्रमाणे इथे लाटणे यायला हवे. ही शांतपणे म्हणाली, "मला काय माहीत नाही? ते कार्ड आपल्या काळ्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या शालूखाली. दर दसऱ्याला मी ते झटकून परत ठेवते." आणि नातीकडे वळून, "तू काय ते सांगायचं असेल तर सांग. नसेल तर नको. पण जेव."

नातीने त्या दिवशी काही सांगितले नाही. पण जेवली. पापड दोन.

आयुष्यभर हिशेबाचे काम केलेल्या माणसाला रात्री आकडे दिसतात. एकाचे दुःख सात जणांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चौदा टक्के येते. चौदा टक्के दुःख घेऊन माणूस नाचू शकतो. शंभर टक्के असेल तर खिडकीशी ताठ बसतो. तो नाचाचा दोष नव्हे आणि गाण्याचा तर नव्हेच. हा मोजणीचा प्रश्न आहे. आणि अंगणात भातुकली मांडायची तरी ती एकट्याने कोणी मांडते का?

आणखी एक हिशेब जुळला तो पेणला परत आल्यावर. त्या सात पोरांचे गाणे आले २०१८ च्या जानेवारीत. त्याच वर्षी मे महिन्यात अरुण दाते गेले, त्याच महिन्यात यमुनाबाई वाईकर गेल्या, आणि ३० ऑक्टोबरला यशवंत देव गेले, ब्याण्णव पुरी व्हायला दोनच दिवस राहिले असताना. पाडगावकर त्याआधीच, २०१५ च्या शेवटाला. यात योगायोगापलीकडे काही नाही. कोरियातल्या पोरांना ही नावेसुद्धा ठाऊक नसणार. पण मला उगीच वाटले, की बसून गाणारी आणि भुवईने नाचणारी माणसे एकेक करून उठली आणि जाता जाता बैठकीची जागा मोकळी करून गेली. नाचा आता, म्हणाली.

भाद्रपद आला. पेणला भाद्रपदाचे नवल नाही, कारण इथे वर्षभर भाद्रपदच असतो. कारखान्यांत मूर्ती, गच्चीवर मूर्ती, ओटीवर मूर्ती. २०२३ साली पेणच्या गणपतीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मूर्तीचे सगळे अंग रंगवून होते, आणि अगदी शेवटी येते ती डोळ्यांची आखणी. ते काम हात बसलेल्या माणसाचे. डोळे आखले की मातीत जीव येतो म्हणतात. आणि मग एवढा जीव आणलेला देव आपण दीड दिवसात, पाच दिवसांत, फार तर दहा दिवसांत पाण्यात सोडून येतो.

नात यंदा गौरी-गणपतीला आमच्याकडे आली. विसर्जनाच्या दिवशी भोगावतीच्या वाटेवर ढोल वाजत होते, पुढे आळीतली पोरे नाचत होती, बायका फेर धरत होत्या. आणि चालता चालता मी एकदम थांबलो. अहो, आपण हे काय करतो आहोत? आवडीने घरी आणलेल्याला निरोप द्यायला चाललो आहोत. घर उद्या रिकामे होणार, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. आळीतल्या म्हाताऱ्यांचे डोळे ओले आहेत, आणि सगळा गाव नाचतो आहे! 'पुढच्या वर्षी लवकर या' एवढा एक भविष्यकाळ सोडला, तर कोरियन पोरांनी यापेक्षा वेगळे काय केले? 'प्रेमभंगावर नाच?' म्हणून हसणारा मी ज्या गावात जन्म काढला, त्या गावाचा पोटापाण्याचा धंदाच निरोपाचा आहे.

नातीने माझा हात धरून ओढले. "आजोबा, या. सोपं आहे. डावा पाय, उजवा पाय, खांदा सैल." तिने मला तो 'पॉइंट' शिकवला. ढोलाचा ठेका कोरियन नव्हता, पण पाय बसले. मी नाचलो. फार नाही, मारुतीच्या देवळापासून वळणापर्यंत. नाचता नाचता तिच्या गालावरून पाणी येत होते. मी विचारले नाही. माझ्याही येत होते, तिनेही विचारले नाही. गर्दीत ढोल चालू असताना असल्या चौकश्या करायच्या नसतात. तीच तर सोय आहे.

मागून ही येत होती. म्हणाली, "आता उद्या गुडघ्याला तेल कोण लावणार?" पण हिचाही पाय ठेक्यात पडत होता. मी पाहिले.

परतताना रिकामा पाट नातीने घेतला, त्यावर रिवाजाप्रमाणे नदीची चिमूटभर वाळू. घरी आरती झाली. रात्री ती पोटभर जेवली, भात दोनदा मागितला. हिने रोह्याला फोन लावून लेकीला तेवढेच सांगितले.